शिळा निरोप

त्यांना कुठलीही बातमी सांगितली की ते एकच विचारायचे, "केव्हाचं?"

"नाना, प्राचार्य आलेत."

"केव्हाचं?"

"आत्ताचं."

"आत्ता म्हणजे? तुम्ही पाहिलं तेव्हा, का मला सांगताय तेव्हा?"

सांगणारा वैतागून निघून जायचा. मीही कितीदा वैतागलो आहे. त्या प्रश्नाचा अर्थ मला कळला तेव्हा त्यांचा हात जीपच्या दारात चेंगरला होता आणि दुसऱ्या एका माणसाने कायमचं स्टिअरिंग सोडलं होतं. या दोन्ही गोष्टींना मी जबाबदार आहे. हे वाक्य सहा वर्षं मला लिहिता आलं नाही. आज लिहून झालं आहे, तर बाकीचंही लिहितो.

मी जळगावच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. नाना आमच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर होते. मूळचे धुळ्याचे. सगळी नोकरी सरकारी वायरलेस खात्यात, कानाला हेडफोन लावून झालेली. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आले. सोमवार ते शनिवार जळगावला एका खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या बसने धुळ्याला जायचे. ठेंगणे, पांढरा सदरा, डावखुरे. बोलणं ऐकताना डाव्या हाताचं मधलं बोट टेबलावर टकटक करत असायचं. ते काय वाजवतात हे आम्हाला कळायचं नाही. मला नेहमी वाटायचं, माझ्याबद्दलच काहीतरी कुठेतरी कळवताहेत.

दोन्ही मनगटांवर घड्याळ. पहिल्या आठवड्यात मी हसून विचारलं होतं, "दोन कशाला, नाना?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. ते कुणालाच लगेच उत्तर देत नसत. समोरच्याचं वाक्य संपलं की मनात तीन मोजायचे आणि मग बोलायचे. "समोरचा थांबलाय का नुसता श्वास घेतोय, हे कसं कळणार? आपण मधे घुसलो तर त्याचंही वाया, आपलंही वाया." त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली अक्का म्हणते. अक्का सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा माझ्या वडलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? हे गप्पच. वडील उठायला लागले तेव्हा यांचे तीन मोजून झाले."

तर तीन मोजून नाना म्हणाले, "एक चुकलं तर कळायला हवं, साहेब."

"आणि दोन्ही वेगवेगळी वेळ दाखवायला लागली तर?"

"तर मला वेळ माहीत नाही, एवढं तरी माहीत होतं."

मी ते वर्गात विनोद म्हणून सांगत असे.

चिठ्ठी लिहिली की तिच्यावर दोन वेळा घालायच्या, हा त्यांचा दुसरा नेम. डाव्या कोपऱ्यात घडलं केव्हा, उजव्या कोपऱ्यात सांगतोय केव्हा. "या दोन्हींमधलं जे अंतर, तेवढा निरोप शिळा," म्हणायचे. चहाचीही चिठ्ठी. कँटीनमधून चहा पाऊण तासाने आला, तर परत पाठवायचे. चहावाला भांडायचा, "नाना, तुम्हीच सांगितला होता ना?" नाना शांतपणे चिठ्ठी दाखवायचे. "दहा वीसला सांगितला होता. ज्याला प्यायचा होता तो माणूस आता नाही इथे." चहावाला आमच्याकडे बघून कपाळाला हात लावायचा.

आणि दुसऱ्याचा निरोप ते कधीच पुढे नेत नसत. "नाना, जरा शिंप्याला सांगा ना जाता जाता," असं कुणी म्हटलं की हात जोडायचे. "तुमचं तुम्ही सांगा. मी सांगितलं की ते माझं होतं. त्याने उलटून काही विचारलं तर मी काय बोलू?" लोकांना वाटायचं, म्हातारा आडमुठा आहे. मलाही वाटायचं.

पण त्यांच्याइतका कानाचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या प्रकल्पाला त्यांची गरज होती, आणि हे मला मनातून आवडत नसे.

प्रकल्प असा होता. प्रत्येक गाडीत वायरलेसची एक छोटी पेटी बसवायची. ती पेटी सेकंदाला दहा वेळा आजूबाजूच्या गाड्यांना ओरडून सांगणार, मी इथे आहे, इतक्या वेगाने या दिशेला चालले आहे. दुसऱ्या गाडीतली पेटी ते ऐकणार आणि धोका असला तर समोरच्या पडद्यावर लाल दाखवणार, नसला तर हिरवं. आमच्या भागात याचा उपयोग उघड होता. असोद्याच्या बाजूला शेतरस्ते मोठ्या रस्त्याला मिळतात तिथे दोन्ही अंगांना केळीच्या बागा अगदी कडेपर्यंत आलेल्या असतात. आतून येणारी गाडी दिसतच नाही. पानं हलली की ती एकदम रस्त्यावर.

दोन-चार गाड्या असताना आमच्या पेट्या उत्तम चालल्या. गाड्या वाढल्या आणि अडचण सुरू झाली. सगळ्या पेट्यांना बोलायला हवा एकच. दोघी एकाच क्षणी बोलल्या तर दोघींचंही वाया जातं. म्हणून प्रत्येक पेटी आधी ऐकते, हवा मोकळी असली तरच बोलते. गर्दीत हवा मोकळीच होत नाही, मग निरोप पेटीतच रांगेत पडून राहतात. आपली पाळी येईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते आणि पेटी मात्र मागची जागा सांगते.

यावर आम्ही महिनाभर डोकं फोडत होतो. उपाय नानांना भरीत पार्टीत सापडला.

थंडीचे दिवस होते. विभागाने असोद्याच्या एका शेतात पार्टी ठेवली होती. काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि पन्नास माणसं एकदम बोलत होती. मीठ मागणाऱ्याला भाकरी मिळत होती. नाना उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. हळूहळू सगळे गप्प झाले.

"बोला ना, नाना," कुणीतरी म्हणालं.

"काही नाही. मी फक्त बोलायचं थांबलो. तुम्ही पण थांबलात, बघा. आता मीठ कुणाला हवंय?"

सगळे हसले. नाना मात्र माझ्या शेजारी येऊन बसले आणि चिठ्ठी काढून लिहायला लागले. सोमवारी त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यावर तीनच ओळी होत्या. गर्दी झाली की कमी वेळा बोला. गर्दी झाली की हळू आवाजात बोला. आणि बोलायला उशीर झाला की गिळून टाका.

पहिल्या दोन ओळी मला लगेच पटल्या. उभी गाडी सेकंदाला दहा वेळा 'मी इथेच आहे' कशाला ओरडेल? एकदा सांगितलं तरी पुरे. तिसऱ्या ओळीवरून आमचं वाजलं. नानांचं म्हणणं होतं, अर्ध्या सेकंदापेक्षा जुना निरोप पेटीने फेकून द्यावा आणि नवा मिळेपर्यंत पडद्यावर सरळ लिहावं, 'माहीत नाही'.

"नाना, यंत्रच 'माहीत नाही' म्हणायला लागलं तर यंत्र हवं कशाला?"

तीन मोजले. "साहेब, माहीत नसताना माहीत आहे म्हणणारी माणसं पुष्कळ आहेत. आणखी एक कशाला बनवायचं?"

हे सगळ्यांसमोर बोलले. मला ते लागलं. तरी मी तसं करू दिलं, कारण आकडे त्यांच्या बाजूने होते. पेटीतली कुठलीही मांडणी, म्हणजे किती वेळा आणि किती मोठ्याने बोलायचं ते, बदलली की एका नोंदवहीत लिहायचं आणि सही करायची, हा नियमही त्यांचाच. वहीत दोन वेळांचे दोन रकाने. सगळ्या नोंदी त्यांच्याच अक्षरात.

चाचणीसाठी गाड्या हव्या होत्या. जिनिंगच्या फाटकासमोर कापूस घेऊन रांगेत थांबणाऱ्या तीसेक गाड्यांत पेट्या बसवायला नानांनी मालकांना राजी केलं. त्यांच्यात सुपडू होता. धुळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातला, स्वतःची पिकअप असलेला. असोद्याची केळी धुळ्याला न्यायचा, हंगामात कापूस. मोकळा, मोठ्याने हसणारा माणूस. पडद्यावर 'माहीत नाही' आलं की म्हणायचा, "नाना, तुमनी पेटी मना सासरासारखी शे. काही इचारं का, माले माहीत नही!" आणि नाना चक्क हसायचे.

मग प्रकल्पाचं पुढचं ठरवणारी समिती चाचणी पाहायला येणार असं पत्र आलं.

आदल्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेत एकटा होतो. नाना गाड्या बघायला गेले होते. मी पडदा लावून बसलो. जिनिंगसमोर गाड्यांची गर्दी होती, त्यामुळे दर दोन-चार सेकंदांनी हिरवं जायचं, 'माहीत नाही' यायचं, पुन्हा हिरवं. डोळा फडफडावा तसं. मला समितीतले चेहरे दिसायला लागले. ते विचारतील, हे काय आहे? आणि मी काय सांगणार, आमच्या यंत्राला माहीत नाही?

मी ती अट काढून टाकली. जुने निरोप फेकायचे नाहीत, मिळेल ते दाखवायचं. शिवाय सगळ्या पेट्या पुन्हा सेकंदाला दहावर नेल्या, पूर्ण आवाजात, म्हणजे पडदा गुळगुळीत चालेल. प्रयोगशाळेतून एका आज्ञेत सगळ्या पेट्या बदलता येत होत्या. चहा थंड व्हायलाही वेळ लागला नाही. पडदा स्थिर झाला. हिरवा, सलग, सुंदर.

नोंदवही शेजारीच होती. मी ती उघडली नाही. चाचणी झाली की परत होतं तसं करू, असं ठरवलं. नानांना सांगितलं असतं तर त्यांनी चाचणीच होऊ दिली नसती, हे मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी समितीचे तिघे माझ्याबरोबर फाट्यापासून दूर मांडवात बसले. मोठ्या रस्त्याने सुपडूची पिकअप येणार होती आणि केळीच्या बागेतल्या शेतरस्त्याने आमची जीप. जीप कॉलेजचा ड्रायव्हर चालवत होता. डाव्या बाजूला नाना, मांडीवर त्यांचा ऐकायचा संच. त्याला त्यांनी एक बारका भोंगा जोडला होता. हवेत जितकी गर्दी, तितकी त्याची करकर. दोन्ही गाड्यांनी अकरा चाळीसला निघायचं, ही वेळ नानांनीच दिलेली. जिनिंगची रांग तिथून फार लांब नव्हती. तीस पेट्या उभ्या जागी, पूर्ण आवाजात, सेकंदाला दहा वेळा ओरडत होत्या.

जीपमध्ये काय झालं ते नंतर ड्रायव्हरने सांगितलं. निघाल्यावर थोड्याच वेळात नाना म्हणाले, "थांबव. कालवा फार आहे." ड्रायव्हरने पडद्याकडे बोट दाखवलं, "नाना, हिरवं आहे ना!" नानांनी डाव्या हातात फोन घेतला आणि मला लावला.

माझ्या खिशात फोन वाजला. मी नाव पाहिलं. समितीचे अध्यक्ष तेव्हा मला काहीतरी विचारत होते. मी फोन कापला.

तो पुन्हा वाजला. मी पुन्हा कापला.

सुपडूच्या पडद्यावर जीप अजून बागेत आत होती. ती जागा दोन सेकंदांपूर्वीची होती. त्या वेगात दोन सेकंदांत गाडी वीस मीटर तरी पुढे जाते, म्हणजे बागेतून थेट रस्त्यावर. नानांनी उजव्या हाताने हँडब्रेक ओढला म्हणून जीप पुरती आडवी आली नाही, फक्त तोंड बाहेर आलं. पिकअप डाव्या अंगावर आदळली. मांडवात आम्हाला आधी पानं हललेली दिसली आणि मग आवाज आला.

मी धावत गेलो. नाना शुद्धीवर होते. डावा हात दारात अडकलेला, त्यातच फोन. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सुपडू रस्त्याच्या मधोमध बसला होता, कपाळातून रक्त येत होतं आणि तो सारखा म्हणत होता, "माले हिरवंच दिसनं, भाऊ. मी ब्रेक उशिरा दाबा."

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो होतो. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "असू द्या, सुपडूभाऊ." जणू मी त्याला माफ करत होतो.

त्या दुपारी प्रयोगशाळेत येऊन मी पेट्या पूर्ववत केल्या.

नानांची दोन बोटं गेली, त्यातलं एक मधलं. दीड महिन्याने कॉलेजची चौकशी बसली. खोलीत पाच माणसं होती, सहावा मी. नाना समोरच्या खुर्चीवर, हाताला पट्टी. नोंदवही टेबलावर.

"पेट्यांची मांडणी तुमच्याकडे होती?" चौकशीच्या अध्यक्षांनी विचारलं.

तीन मोजून, "होय."

"चाचणीच्या दिवशी मांडणी चुकीची होती असं तुम्ही म्हणता. वहीत तर तसं काही नाही. सगळीकडे तुमचीच सही आहे."

"वहीत आहे ते माझं. वहीत नाही ते माझं नाही."

"मग कुणाचं?"

नाना माझ्याकडे वळले.

त्यांची सवय मला माहीत होती. मी त्यांच्याबरोबर मोजायला लागलो. एक. दोन. तीन. नाना बोलले नाहीत. सात. आठ. पंख्याचा आवाज येत होता. त्यांच्या नजरेत राग नव्हता. हेडफोन लावून बसलेला माणूस जसा हवेकडे कान लावून थांबतो, तसे ते थांबले होते. वीसपर्यंत मी मोजलं. मग अध्यक्ष वैतागून म्हणाले, "त्यांच्याकडे काय बघताय? उत्तर नसेल तर तसं सांगा." लिहिणाऱ्याने लिहून घेतलं, समाधानकारक उत्तर देऊ शकले नाहीत.

नानांचं कंत्राट संपलं. तांत्रिक अहवाल मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'चालकाने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले.' खाली माझी सही. एक प्रत सुपडूच्या घरी गेली.

त्यानंतर सहा वर्षं मी शिकवत राहिलो. बढतीही मिळाली. फोन कापायची सवय मात्र गेली. आता वर्गात असलो तरी मी फोन घेतो, मुलं हसतात.

गेल्या हिवाळ्यात मी तृतीय वर्षाला तोच विषय शिकवत होतो. मानवी चुकीचं उदाहरण म्हणून आमचाच अहवाल, नावं काढून, वाचून दाखवत असे. दरवर्षीच दाखवत असे, हे सांगायलाही आता लाज वाटते. मी ते वाक्य वाचलं. बोदवडहून ये-जा करणारी एक मुलगी दुसऱ्या बाकावर बसते. तिने हात वर केला.

"सर, पण तो इशारा केव्हाचा होता?"

मी अहवाल मिटला. तास अर्ध्यावर सोडून बाहेर आलो.

त्या रविवारी धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा मागे पडत होतं आणि मी वाक्यं जुळवत होतो. नानांच्या दारात पोचलो तेव्हा त्यातलं एकही उरलं नव्हतं. अक्कांनी दार उघडलं. मला ओळखलं, "या" म्हणाल्या, आणि पाणी आणायला गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

नाना खिडकीशी बसले होते. घड्याळं आता दोन्ही उजव्या मनगटावर.

"नाना, मला एक सांगायचंय."

"केव्हाचं?"

"सहा वर्षांपूर्वीचं."

त्यांनी मान हलवली. मी सगळं सांगितलं. अट कशी काढली, का काढली, दोन्ही वेळा फोन कसा कापला. डाव्या हाताची उरलेली बोटं मांडीवर स्थिर होती. माझं संपलं. तीन झाले, आणखीही झाले असतील.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "माझ्या संचात सगळं टिपलेलं होतं. कुठली पेटी किती वेळा बोलली ते."

"मग चौकशीत का नाही सांगितलंत?"

"पाळी तुमची होती, साहेब. मी हवा मोकळी ठेवली होती. मला वाटलं, तुम्ही श्वास घेताय."

मला रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं, पाठीवर हात वगैरे ठेवला नाही.

"मी माफी मागायला आलोय, नाना."

"माझ्यासाठी हे शिळं आहे. मी चहा परत पाठवतो, तुम्हाला माहीत आहे." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "माझ्याकडे कशाला आलात? सुपडूचं काय? तो माणूस अजून रोज ब्रेक दाबतोय!"

आतून अक्कांचा आवाज आला, "हळू बोला हो."

"मी सांगून पाहिलं त्याला," नाना म्हणाले. "आयुष्यात एकदाच दुसऱ्याचा निरोप घेऊन गेलो. तो म्हणाला, नाना, तुमी माले बरं वाटाले सांगी राहिनात. तुमच्या सहीचा कागद आहे त्याच्याकडे. तो दाखवला मला. मी काय बोलणार? ज्याचा निरोप त्यालाच न्यावा लागतो."

त्यांनी कागद पुढे सरकवला. मी लिहिलं. डाव्या कोपऱ्यात चाचणीच्या आदल्या दिवसाची तारीख आणि दुपारचे तीन. उजव्या कोपऱ्यात त्या रविवारची तारीख आणि त्यांनी घड्याळात पाहून सांगितलेली वेळ. मधे काय केलं ते, चार ओळींत. दोन प्रती केल्या. एक सोमवारी कॉलेजच्या कार्यालयात दिली, आणि तिच्यावरून आता पुन्हा चौकशी बसली आहे. दुसरी घेऊन मी त्या रविवारीच, तसाच, सुपडूच्या गावाला निघालो. नाना दारापर्यंत आले नाहीत. फक्त म्हणाले, "तिथे गिरणीचा आवाज असतो. घाई करू नका."

सुपडूने गावात पिठाची गिरणी टाकली आहे. पिकअप गिरणीमागे उभी होती, ताडपत्रीखाली. मी दारात उभा राहिलो. त्याने मला पाहिलं, हात पिठात होते. दळण चालू होतं. मी थांबलो. एका बाईचं झालं, दुसरीचं झालं. मग त्याने बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला.

मी तीन मोजले.

"सुपडूभाऊ, इशारा आला नव्हता. मी तो बंद केला होता. तुमच्या ब्रेकचा काही संबंध नव्हता."

आणि कागद दिला. तो त्याने दोनदा वाचला. मग घरात गेला आणि जुना अहवाल घेऊन आला, घड्यांवर फाटलेला. दोन्ही कागद पिठाच्या डब्यावर शेजारी शेजारी ठेवले.

"दोन्हीस्वर तुमनीच सही शे, भाऊ. मी कोनता खरा धरू?"

हा प्रश्न मी वाटेत कल्पिला नव्हता.

"ज्याच्यावर दोन वेळा लिहिल्यात, तो."

त्याने कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. पिठाचा ठसा दोन्ही ठिकाणी उमटला. ओठ हलत होते, तो वर्षं मोजत होता. मग घराकडे तोंड करून ओरडला, "आयकं का? इशारा उनाच नव्हता!"

आतून बायकोचा आवाज आला, सहा वर्षं तेच सांगून कंटाळलेला. "मी कवयनी सांगी राहिनू तुम्हले!"

नवा कागद त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवला. जुना घडी घालून माझ्या हातात दिला.

"हाऊ तुमना. तुमीच ठेवा."

एक म्हातारी डोक्यावर बाजरीचा डबा घेऊन आली. सुपडूने गिरणी सुरू केली. त्या आवाजात मी काही बोललो असतो तरी त्याला ऐकू गेलं नसतं. मी कागद खिशात घातला आणि निघालो.